कर्दळीची लागवड आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्दळ सहसा मरत नाही, आणि त्यामुळेच तिची सर्वाधिक आबाळ होते. कंपाउंडच्या कोपऱ्यात, मोरीच्या पाण्यावर, कुणी न कापता, न खत घालता ती वर्षानुवर्षे उभी असते आणि चार लाल फुलांवर समाधान मानले जाते. हीच कर्दळ नीट खाऊ-पिऊ घातली आणि वेळेवर कापली, तर आपल्याकडे जवळजवळ बाराही महिने फुलते. खालचे प्रश्न बागप्रेमींकडून नेहमी येतात.

कर्दळ केळीच्या कुळातली आहे का?

कुळ वेगळे, गण एकच. केळी, आले, हळद, सोनटक्का आणि कर्दळ एकाच गणात येतात, म्हणून पानांची ठेवण इतकी सारखी दिसते. कर्दळीच्या कुळात मात्र कॅना ही एकच प्रजाती आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिच्यातल्या एका जातीला 'इंडिका', म्हणजे भारतीय, असे नाव दिले असले, तरी तिचे मूळ घर उष्णकटिबंधीय अमेरिका. ओढ्याकाठी दिसणारी अरुंद लाल फुलांची गावठी कर्दळ ती हीच.

बागेतली मोठ्या फुलांची कर्दळ संकरित आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये थिओडोर आने यांनी हे काम सुरू केले. पुढे लियाँचे क्रोझी आणि इटलीत कार्ल स्प्रेंगर यांनी ते खूप पुढे नेले. आणखी एक गोष्ट फूल हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ते रंगीत भाग खरे तर रूप बदललेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या त्यांच्या मागे, अरुंद आणि टोकदार, चटकन लक्षात न येणाऱ्या. त्यामुळे कर्दळीच्या फुलाचे कुठूनही कापून दोन सारखे अर्धे होत नाहीत.

कोणता प्रकार निवडावा?

आधी उंची ठरवा, रंग नंतर. बुटके प्रकार ४५ ते ९० सेंटिमीटरपर्यंत जातात. गच्ची, कुंडी आणि वाफ्याच्या कडेला तेच लावावेत. मध्यम प्रकार कमरेपासून छातीपर्यंत येतात. उंच प्रकार दीड ते सव्वादोन मीटर होतात आणि भिंतीलगत किंवा मागच्या रांगेत शोभतात.

फुलांपेक्षा पानांसाठी लावायची असेल तर तीन गट पाहा. पहिला तांबूस-जांभळ्या पानांचा, उदाहरणार्थ 'रेड किंग हम्बर्ट'. दुसरा हिरव्या पानावर पिवळ्या रेघांचा. हा 'स्ट्रायाटा', 'प्रिटोरिया' आणि 'बेंगॉल टायगर' अशा तीन नावांनी विकला जातो, तेव्हा एकच रोप तीनदा घेऊ नका. तिसरा जांभळ्या पानावर गुलाबी-केशरी रेघांचा 'फेजन', म्हणजेच 'डर्बन' किंवा 'ट्रॉपिकॅना'. संध्याकाळचे तिरपे ऊन मागून पडेल अशा जागी तो लावला तर पाने दिव्यासारखी उजळतात. पिवळ्या फुलावर लाल पट्टे येणारी 'क्लिओपात्रा' दर फुलाला वेगळी दिसते. तो रोग नव्हे, तिचा स्वभावच तसा.

शुभ्र पांढरी कर्दळ विकत देतो असे कुणी म्हणाले, तर फूल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजारात 'पांढरी' म्हणून मिळते ती फिकट साय-रंगाची असते.

कंद कधी आणि कसा लावायचा?

पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्च, नसेल तर पहिल्या चांगल्या पावसानंतर जून. नाशिक, पुणे किंवा विदर्भातल्या ऐन थंडीत लावलेला कंद महिना-दीड महिना गप्प बसतो, आणि जास्त पाणी घातले तर कुजतो.

कंदाचा तुकडा ८ ते १० सेंटिमीटर लांब आणि निदान २-३ फुगीर डोळ्यांचा असावा. दाबून पाहा: कडक हवा, पिचका किंवा आंबूस वासाचा नको. कापलेला भाग एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. जमीन एक फूट खोल खणून दर चौरस मीटरला ४-५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. कंद आडवा, डोळे वर करून, ७ ते १० सेंटिमीटर मातीखाली ठेवा. बुटक्या प्रकारांत दोन कंदांमध्ये ३० ते ४५ सेंटिमीटर, उंच प्रकारांत ६० सेंटिमीटर अंतर हवे. सुरुवातीला हे अंतर फार मोकळे वाटते, पण एका मोसमात भरून येते.

एकदा भरपूर पाणी द्या आणि मग कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा. कोंब साधारण दोन ते तीन आठवड्यांत निघतो आणि पहिला तुरा दोन-अडीच महिन्यांत येतो.

ऊन किती लागते?

दिवसाला किमान ६ तास थेट. चार तासांवर पाने छान येतात, फुले तुरळक. आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला लावलेली कर्दळ फक्त उंच होते आणि वाऱ्याने पडते. याला अपवाद दोन: नागपूर-अकोल्याकडचा मे महिना, आणि रेघांच्या पानांचे प्रकार. दुपारी १२ ते ४ थोडी सावली मिळाली तर या दोन्ही ठिकाणी पानांच्या कडा करपत नाहीत.

कुंडीत येते का?

बुटके प्रकार उत्तम येतात. कुंडी १४ इंची आणि खोलीला निदान १२ इंच, एका कुंडीत एकच कंद. मिश्रण: २ भाग बागेची माती, १ भाग गांडूळखत किंवा शेणखत, १ भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. निव्वळ कोकोपीटमध्ये लावू नका. वरचा भार वाढला की कुंडी वाऱ्याने आडवी होते. वर्षभरात कंद कुंडीच्या भिंतीला टेकतात, प्लॅस्टिकची कुंडी फुगते, कधी फुटतेसुद्धा. दरवर्षी कंद काढून निम्मेच परत लावा.

उन्हाळ्यात कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. अशा वेळी दोन इंच पाण्याची थाळी कुंडीखाली ठेवली तरी कर्दळीला चालते. मात्र डास होऊ नयेत म्हणून ती दर तीन-चार दिवसांनी रिकामी करून पुसा.

पाणी आणि खत?

जमिनीतल्या रोपाला हिवाळ्यात ४-५ दिवसांनी, उन्हाळ्यात एक दिवसाआड. काळ्या मातीत यापेक्षा कमी, कोकणातल्या जांभ्याच्या मातीत थोडे जास्त. पान कडेने तपकिरी, कागदासारखे होऊ लागले की एकतर पाणी कमी पडते आहे किंवा पाणी खारट आहे. बोअरचे पाणी वापरत असाल आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल तर कारण खारटपणाच. मग महिन्यातून एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्या.

खताच्या बाबतीत कर्दळ खादाड आहे, यात तडजोड नाही. दर महिन्याला प्रत्येक बेटाला (एकत्र वाढलेल्या फुटव्यांच्या झुबक्याला) दोन-तीन मुठी गांडूळखत, दर तीन महिन्यांनी एक मूठ निंबोळी पेंड आणि तेवढेच बोनमील. फुलांचा बहार चालू असताना सल्फेट ऑफ पोटॅश ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून महिन्यातून एकदा बुंध्याशी द्या. युरिया टाळा. त्याने पाने हिरवीगार आणि लुसलुशीत होतात, मावा आणि अळ्या धावत येतात, आणि फुले मागे पडतात.

पाने जोमदार आहेत, पण फुलेच येत नाहीत. असे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खत वाढवण्याआधी वाकून बेटाच्या बुंध्याशी पाहा. दहापैकी बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते: फुलून गेलेले जुने दांडे तसेच उभे असतात. कर्दळीचा प्रत्येक दांडा आयुष्यात एकदाच बहरतो. मुख्य तुरा, मग त्याच्याच खालच्या पेरातून एक-दोन, फार तर तीन बाजूचे तुरे, आणि तो दांडा संपला. त्यानंतर तो कितीही महिने उभा राहिला तरी फूल देत नाही, फक्त नव्या फुटव्यांचे ऊन अडवतो.

असे सगळे संपलेले दांडे जमिनीलगत कापा. बेटात एका वेळी ५ ते ७ निरोगी, वेगवेगळ्या वयाचे फुटवे राहू द्या. काही आठवड्यांत नव्या फुटव्यांवर तुरे दिसू लागतात. तरीही फूल नसेल तर क्रमाने पाहा: ऊन ६ तासांपेक्षा कमी आहे का, नत्र जास्त झाले आहे का, बेट तीन वर्षांहून जुने आणि गच्च झाले आहे का. कंद मातीच्या वर येऊन एकमेकांवर चढलेले दिसले, तर खताने काही साधणार नाही. बेट उपसूनच काढावे लागेल.

सुकलेली फुले काढताना नेमके कुठे कापायचे?

इथे घाईने हमखास चूक होते. एक फूल दिवसभर, फार तर दोन दिवस टिकते आणि मऊ पडून लोंबते. ते ओढताना त्याच्या बगलेत लपलेली पुढची कळी अनेकदा सोबत तुटते. तुऱ्यावर बहुतेक ठिकाणी फुले जोडीने येतात. एक उमलते तेव्हा दुसरी बारीक, हिरवट, आवरणात गुंडाळलेली असते. म्हणून दांडी एका हाताने धरा आणि फक्त मऊ पडलेला रंगीत भाग चिमटीने अलगद काढा. खाली खरबरीत, काटेरी वाटणारा हिरवा गोळा राहतो, ती बीजकोशाची सुरुवात. बी नको असेल तर पुढची कळी वाचवून तोही खुडा, नाहीतर रोपाची शक्ती बियांत जाते.

पूर्ण तुरा संपला की खाली बघत या. पहिल्या पानाच्या बगलेत नवा कोंब असेल तर त्याच्या बोटभर वर कापा. तो नसेल तर थेट जमिनीशी.

नव्या पानावर एका सरळ रेषेत सारखी भोके दिसतात. हे कशाने?

अळीने. पान उलगडण्याआधी घट्ट गुंडाळी असते, अळी त्या गुंडाळीला आरपार एकच भोक पाडते. पान उघडले की त्या एका भोकाची रांग होते. म्हणजे उघडलेल्या पानावर औषध मारून उपयोग नाही, अळी पुढच्या गुंडाळीत गेलेली असते.

सकाळी प्रत्येक फुटव्याची वरची गुंडाळी बोटांनी दाबत जा. आत काही कडक लागले किंवा वर ओलसर काळी-हिरवी विष्ठा दिसली की तेवढी गुंडाळी उलगडून अळी काढा. कडा रेशमी धाग्याने शिवलेले पान दिसले तर तेही उघडा. प्रादुर्भाव जास्त असेल तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) २ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, गुंडाळीच्या तोंडात जाईल असे फवारा. आठवड्याने पुन्हा. ते लहान अळ्यांवर चांगले चालते, मोठ्यांवर फारसे नाही. आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) विषारी कीटकनाशके कर्दळीवर वापरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. फुलातला मध प्यायला शिंजीर दिवसभर येत असतात.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेने धुवा आणि मग निंबोळी तेल ५ मिली आणि द्रवरूप साबण १ मिली प्रति लिटर, आठवड्यातून एकदा, तीन वेळा.

पानांवर पिवळ्या रेघा आल्या आहेत. रोग की जात?

हे नीट ओळखता यायलाच हवे, कारण यातला एक रोग असाध्य आहे.

रेघांच्या जातीत पट्टे मधल्या शिरेपासून कडेपर्यंत सलग, स्वच्छ, प्रत्येक पानावर असतात आणि रोप जोमदार असते. लोहाच्या कमतरतेत फक्त नवी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचे. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम प्रति लिटर, १० दिवसांच्या अंतराने दोनदा फवारले की पुढची पाने हिरवी येतात.

विषाणूत रेघा तुटक, फिकट, ठिपक्या-ठिपक्यांच्या असतात. पुढे त्या तपकिरी होऊन पान चिरते, झाड खुजे होते आणि फुलांच्या रंगात नको ते शिंतोडे उमटतात. कर्दळीवर असे अनेक विषाणू येतात. काही माव्यातून पसरतात, आणि सगळे कंदाच्या देवाणघेवाणीतून. यावर औषध नाही. ते आहे असे सांगून कुणी बाटली विकत असेल तर घेऊ नका. संपूर्ण बेट कंदाच्या बारीक तुकड्यांसह उपसा आणि जाळा किंवा कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको. कात्री स्पिरिटने पुसा. शेजाऱ्यांकडून कंद घेताना रोप पानांवर असतानाच पाहून घ्या, नुसत्या कंदावरून काहीच कळत नाही.

पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड बोटाला लागत असेल तर तो तांबेरा. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत तो वाढतो. बाधित पाने काढा, पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या, बेट विरळ करा. तरी थांबला नाही तर मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर, १२-१५ दिवसांनी दोन-तीन वेळा.

पावसाळ्यात रोप पडते आणि गोगलगायी खातात. काय करावे?

पडण्याचे कारण बहुधा उंची आणि गर्दी. मे अखेरीस बेट विरळ करा आणि बुंध्याला तीन-चार इंच माती चढवा. गोगलगायींसाठी, विशेषतः मुंबई-कोकणात दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी गोगलगायींसाठी, रात्री आठनंतर बॅटरी घेऊन वेचणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय. हातमोजे घाला आणि त्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात मात्र टाकू नका, त्याने मातीच खराब होते. संध्याकाळी ओले गोणपाट अंथरून ठेवले तर सकाळी त्याखाली त्या एकत्र सापडतात.

बेट किती वर्षांनी विभागायचे?

जमिनीत दर दोन-तीन वर्षांनी. फेब्रुवारीत दांडे एक वीतभर ठेवून कापा, बेटाभोवती फूटभर अंतरावरून खणा आणि सगळा गड्डा उचला. मधले जुने, काळपट, पोकळ कंद टाकून द्या. बाहेरच्या कडेचे फिकट, टोकदार डोळ्यांचे तुकडे लावायला घ्या.

बियांपासून लावता येते का?

येते, पण संकरित प्रकारांची रोपे आईसारखी निघत नाहीत, आणि बऱ्याच संकरांना बीच धरत नाही. गावठी कर्दळ बियांपासून सहज होते.

बी काळे, वाटाण्याएवढे आणि इतके कठीण की इंग्रजांनी त्याला बंदुकीच्या छऱ्याचे नाव दिले. नुसते पेरले तर महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. कानशीने किंवा सँडपेपरने एका बाजूला आतला पांढरा भाग दिसेपर्यंतच घासा, मग कोमट पाण्यात २४ तास भिजवा. फुगलेले बी १ सेंटिमीटर खोल पेरा. उबदार जागेत आठवडा-दोन आठवड्यांत कोंब येतो आणि चार-सहा महिन्यांत फूल. या कवचाची ताकद किती? अर्जेंटिनातल्या एका जुन्या थडग्यात अक्रोडाच्या कवचाच्या खुळखुळ्यात सापडलेले, सुमारे ६०० वर्षांपूर्वीचे कर्दळीचे बी रुजल्याची नोंद १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली.

बाथरूम आणि कपड्यांचे पाणी कर्दळीला चालते का?

चालते, आणि त्याचा पद्धतशीर उपयोग होतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या खडीच्या वाफ्यांत कर्दळ जगभर लावली जाते. घरगुती पातळीवर माणशी १ ते २ चौरस मीटर वाफा धरा. खोली ६० सेंटिमीटर, तळाला पाणी न झिरपणारे अस्तर, आत धुतलेली २० मिलिमीटर खडी. पाणी आधी जाळीतून आणि साठवणीच्या छोट्या टाकीतून न्या, नाहीतर केस आणि साबणाचा साका खडीत अडकून वाफा तुंबतो. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या ५ ते ८ सेंटिमीटर खालीच ठेवा, म्हणजे वास येत नाही आणि डासही होत नाहीत. चौरस मीटरला चार कंद पुरतात. दर दोन-तीन महिन्यांनी दांडे कापून वाफ्याबाहेर काढलेच पाहिजेत. ते तिथेच कुजले तर शोषलेले घटक परत पाण्यात जातात. ब्लीच, ॲसिड आणि संडासाचे पाणी यात सोडू नका.

विषारी आहे का? लहान मुले, कुत्री-मांजरी आहेत.

विषारी नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज भागात तिचे कंद भाजून-शिजवून खातात, व्हिएतनाममध्ये त्यांच्या पिठाच्या शेवया करतात. फुलबागेतले कंद मात्र खाऊ नका, त्यावर काय फवारले गेले ते ठाऊक नसते. लहान मुलांच्या हाती बी देऊ नये, कारण ते गोल आणि गुळगुळीत असते, घशात अडकू शकते.

अमेरिका-इंग्लंडच्या थंडीत कर्दळ कशी जगवायची?

पहिल्या हिमाने पाने काळी पडली की दांडे १०-१५ सेंटिमीटरवर कापा आणि कंद उचला. माती झटका, धुऊ नका. एक-दोन दिवस सुकवून किंचित ओलसर पीट किंवा लाकडाच्या भुशात खोक्यात ठेवा. जागा अंधारी, ७ ते १० अंश सेल्सियसची. महिन्यातून एकदा पाहा: सुरकुतले तर पाणी शिंपडा, बुरशी दिसली तर तो भाग कापा. हिमाचा धोका संपण्याच्या महिनाभर आधी घरात कुंडीत लावले तर उन्हाळ्यात लवकर फूल मिळते.

जास्तीचे कंद कुठे टाकायचे?

ओढ्यात, नदीकाठी किंवा जंगलाच्या कडेला मुळीच नाही. पाण्याबरोबर वाहत गेलेला एक तुकडाही रुजतो आणि काठावरच्या स्थानिक झाडांची जागा घेतो; दक्षिण आफ्रिकेत गावठी कर्दळ कायद्याने आक्रमक वनस्पती ठरलेली आहे. निरोगी कंद ओळखीच्यांना वाटा. उरलेले बारीक चिरून कडक उन्हात पूर्ण वाळवा, बोटाने कटकन मोडले की मगच कंपोस्टमध्ये घाला.